कॅलेंडरच्या पाठीवर तीन रकाने

ऑगस्ट २००१चं पान फाडलं, उलटं केलं आणि रकाने आखले.

आहे तीच नळी

लघवीच्या जागेतून आत, बाहेर पिशवी. दोन वर्षं झाली. माझा नवरा चंदर अंबडला शेडच्या पत्र्यावरून पडला तेव्हापासून. कमरेखाली काही कळत नाही. हात पहिल्यासारखे आहेत.

बरं: एकदा घातली की महिनाभर बघायला नको.

वाईट: बघावं लागतंच. आत चुन्यासारखा थर धरतो, नळी तुंबते, हुडहुडी भरून ताप येतो. या वर्षात चार वेळा. डॉक्टरांनी विचारलं, पिशवी कुठे असते? म्हटलं, खाटेखाली. जेवताना तेवढी भिंतीच्या खिळ्याला. एकच खोली, ताटं खाटेशीच मांडतो, अन्नाशेजारी कशी ठेवायची?

"खिळा खाटेपेक्षा उंच? मग लघवी उलटी आत जाते, बाई."

चार तापांपैकी माझ्या हातचे

(हे खोडलं.)

पोटातून

बेंबीखाली भोक पाडून नळी. बरं: खालची जागा मोकळी राहते. हे डॉक्टर सासूबाईंसमोर बोलले. चंदर मांडीवरची चादर सारखी करत बसला.

वाईट: पिशवी सुटत नाही. थर, खडे, तुंबणं होऊ शकतंच. तुंबली की धुवायला घरात कोणीतरी हवं. कोणीतरी म्हणजे मी. आणि मला सोमवारपासून कंपनीत बोलावलं होतं. पॅकिंग, आठ ते साडेचार.

दर चार तासांनी

पिशवीच नाही. आपली आपण नळी घालायची, रिकामं करायचं, काढायची. ताप कमी. कधी आतून ओरखडा बसतो, रक्त येतं. वेळ चुकवायची नाही. फार साठलं की किडनीवर जातं.

चंदरला हे नको होतं. पोटाची तारीख गुरुवारची मिळाली. तोवर शिकून तर बघा, म्हणत दवाखान्यातल्या मोहिनी सिस्टरनी शनिवारी जुनी नळी काढली. त्यांच्यासमोर त्याला दोनदा नीट जमलं. घरी रक्ताचा एक थेंब दिसला आणि त्याने नळी माझ्याकडे सरकवली.

इथून पुढे रकाने नाहीत.

"त्यानं का करायचं?" सासूबाई म्हणाल्या. "बायको काय देव्हाऱ्यात बसवायला आणली हाय?"

"आई, तू गप."

"गपच हाय. लय दिवस गपच हाय."

रविवारभर मीच घातली. संध्याकाळी विचारलं, "सिस्टरसमोर जमलं, मग इथं का नाही?"

"गुरुवारी पोटातून करून टाकू."

"म्हणजे मी घरीच."

त्याने चादर कमरेपर्यंत ओढली. मग म्हणाला, "मला हे आलं की तू आठला जाशील. साडेचारला परत कशासाठी येशील?"

मी उठून दुसरी नळी उकळायला ठेवली.

सोमवार. सव्वासातला मी नळी घातली, काढली. उकळलेली दुसरी डब्यात ठेवली. साबण, पाणी, प्लास्टिकचा जग त्याच्या हाताशी.

"साडेअकराला," म्हटलं. "आईंना हे येत नाही."

त्याचं तोंड भिंतीकडे.

निघाले.

साडेअकरा. खोके चिकटवत होते. पावणेबारा. तीन खोके उलटे चिकटवले.

बाराला जेवणाची सुट्टी. गेटजवळच्या फोनवरून आमच्या घराशेजारी, झुंबरशेठच्या दुकानात लावला. त्यांनी सासूबाईंना बोलावलं.

"केलं का त्यांनी?"

"मला काय ठाव. मघाशी घाम फुटला व्हता. म्हनलं, आशाला बोलावू का. तर पडदा ओढून घेतला."

"मग?"

"हाक मारली तर म्हंतो, थांब. चिडल्यावानी."

"जाऊन बघा ना, आई. मी धरते."

रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज. कोणीतरी पावशेर साखर मागत होतं. मागे रांगेतली बाई म्हणाली, "आटपा की."

"आशा?" सासूबाईंना धाप लागली होती. "अर्धा जग भरला हाय. वाईच लाल हाय. म्हंतो, ओतू नको, तिला बघू दे."

"चारला परत करायचं म्हणावं," मी म्हटलं. "मी पाचला येते."