कॅप्टनला विचारायचं नसतं

मोठे साहेब, विमान चालवायला शिकवणारी शाळा तुमच्या ताब्यात आहे आणि तुम्ही पोरांना आकाशात तोंड बंद ठेवायला शिकवता. हा माझा आरोप आहे आणि तो मी मागे घेणार नाही.

धाकटीचंच घ्या. घरात शेंडेफळ म्हणून हे नाव पडलं, ते शाळेतही चिकटलं. शिकाऊ विमानात दोघं शेजारी बसतात, दोघांपुढे विमान चालवायचा एकेक दांडा. म्हणून नियम असा, की विमान दुसऱ्याच्या हाती देताना ‘तुझ्याकडे’ म्हणायचं आणि घेणाऱ्याने ‘माझ्याकडे’ म्हणायचं. पण तिला शिकवणारे कॅप्टन विमान घेताना नुसता हात पुढे करत. जुनी पोरं नव्यांना सांगत, “कॅप्टनला विचारायचं नसतं बाई, ओळखायचं असतं.”

त्या दिवशी उतरण्याआधीच्या वळणावर कॅप्टननी दांड्याला हात लावला. धाकटीने ओळखलं आणि आपला हात काढला. कॅप्टनना मात्र दांड्यावरचं रेडिओचं बटण तेवढं दाबायचं होतं. पंख कलला, नाक खाली गेलं, आणि दोघंही निर्धास्त, कारण विमान दुसरा चालवतोय! जमीन काचेत मोठी व्हायला लागली तेव्हा कॅप्टननी झडप घालून विमान सावरलं.

खाली उतरल्यावर ते कडाडले, “विमान सोडलंस कसं? हिला एकटीला उडू देऊ नका, असंच सांगतो मोठ्या साहेबांना.”

सोडलं की दिलं? धाकटीला कळेना. चूक आपली, की त्यांची, की कोणाचीच नाही? घरी ती ताट पुढ्यात घेऊन नुसती बसली.

“विचारलं का नाहीस?” आई म्हणाली.

“मोठ्यांना उलट विचारू नये, हे कोणी शिकवलं मला?”

आई तिच्या शेजारी येऊन बसली. “मीच. अक्कल गहाण ठेवली होती मी. पण जमीन काय कॅप्टनचं वय बघून बाजूला सरकणार आहे? घाबरायचंच तर तिला घाबर.”

दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर पुन्हा तोच हात आला. या वेळी धाकटीने दांडा सोडला नाही.

“सर, विमान कोण चालवतंय?”

“दिसत नाही?”

“नाही सर. शब्दांत सांगा.”

कॅप्टननी हात मागे घेतला. मग हळूच म्हणाले, “तुझ्याकडे.”

“माझ्याकडे.”

उतरल्यावर ते तिला तडक मोठ्या साहेबांकडे घेऊन गेले. “काल चुकलो मी. हिला एकटीला उडू द्या.”

“शिकाऊ पोरीने तुम्हाला उलट विचारलं?” साहेबांच्या कपाळाला आठ्या. “शिस्त राहिली कुठे?”

“शिस्त तिनेच पाळली, साहेब. मी मोडली होती.”

“बघू,” साहेब म्हणाले.

वाचकहो, मोठ्यांना विचारणं हा उद्धटपणा नव्हे. न विचारता मान डोलावणं हीच खरी बेपर्वाई, मग ती विमानात असो, कचेरीत असो की घरात. कॅप्टनना हे पिकल्या केसांनी कळलं. तेवढं तरी कळलं!

आणि साहेब, ‘बघू’ म्हणजे काय? पोरगी दारात उभी आहे. तिला एकटीला उडू देणार की नाही? नसाल देणार, तर कारण काय सांगणार? तिने तुमचाच नियम पाळला, हे? बोला.