दारी

"दगड उपटा, हंबीरराव. उद्या उद्घाटनाला पाहुणे यायचेत, आणि फाटकासमोर हे काय?"

नरसिंहराव साहेब जीपमधून उतरलेही नाहीत. हंबीरराव मेस्त्री पहार धरून उभाच राहिला. फाटकासमोर म्हणे! परवापर्यंत फाटक होतंच कुठे? इथे गावाचा तोप होता, आंब्या-जांभळांची राखीव झाडी, कुणीही सावलीला बसावं अशी. बंगळूरजवळच्या बन्नेरघट्ट्यापासून आनेकलपलीकडच्या टेकड्यांपर्यंत राखीव रानं एकमेकांना जोडत पायी फिरणाऱ्यांसाठी लांबलचक वाट करायची, असं वनखात्याने ठरवलं, तेव्हा हा तोप तिचा मधला सांधा होता. हंबीररावने उन्हातान्हात ती वाट केली, वळणावळणाला दगड रोवले. प्रत्येकावर कन्नडमधला एकच शब्द: दारी. म्हणजे वाट. घरची बोली मराठी, म्हणून बायको अंबूबाई चिडवायची, "गावभर दारी दारी करत फिरता, आणि आपल्या दारी दिवे लागल्यावर!"

"तोप कारखानदाराला दिलाय, उद्या त्याच्याच कामाचं उद्घाटन," साहेब म्हणाले. "वाट हमरस्त्याने वळवा."

"लॉऱ्यांच्या धुरातून? मग रान बघायला यावं कुणी कशाला?"

"स्वल्प समजून घ्या हो. वरून आलंय."

हंबीररावच्या अंगाचा तिळपापड झाला. पलीकडे बांधावर देवाप्पा उभा होता. त्याच्या नाचणीच्या शेतातून वाट गेली होती, ती निव्वळ हंबीररावच्या शब्दावर. "तोप सगळ्यांचाच राहील ना, अण्णा?" त्याने विचारलं होतं. "राहील! मी सांगतो ना!" हंबीरराव छातीवर हात मारून म्हणाला होता. आता देवाप्पा नुसता फाटकाकडे बघत होता. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"साहेब, शेतं मागायला मला पाठवलंत. आता याला तोंड कुठल्या तोंडाने दाखवू?"

"तोंड सांभाळून बोला! वाटेचा दगड वाटेवर लावा. लोकांच्या दारी नको."

"सरी, ठीक आहे," हंबीरराव म्हणाला.

त्याने दगड उपटला. साहेबांना बरं वाटलं. पण मेस्त्रीने तो हमरस्त्याकडे नेलाच नाही. फाटकाच्या ऐन मध्यावर, त्याच्या मूळच्या वाटेवर, खड्डा खणू लागला. देवाप्पा बांधावरून उतरला आणि माती ओढू लागला. दोघांनी दगड रोवून ठोकून घट्ट केला. आता मोटार सोडाच, फाटकसुद्धा उघडणार नव्हतं.

"वेड लागलंय का तुम्हाला?" साहेब जीपमधून उडी मारून ओरडले. "हे काय केलंत?"

"वाचा की. दारी लिहिलंय. कन्नडमध्ये वाचा नाहीतर आपल्या मराठीत. दोन्हीकडून बरोबरच आहे."

"उद्यापासून कामावर येऊ नका!"

हंबीररावने पहार साहेबांच्या हातात दिली. "खात्याची आहे. उपटायचा तर तुम्ही उपटा. माझा हात लागायचा नाही."

तो देवाप्पाच्या शेतातून चालत निघाला. देवाप्पा थोडा वेळ सोबत आला, मग विहिरीपाशी थांबला. 

घरी अंबूबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. ऊन अजून भिंतीवर होतं. तिने मान वर केली आणि हसली.

"अगंबाई! आज दिवसाउजेडी आपल्या दारी?"

हंबीररावने पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं आणि पायरीवर बसला.

"हो," तो म्हणाला. "आता रोजच."