कोळंबी आढळली नाही

मित्रांनो, मानवी देहाला सुईचा स्पर्शही न करता कातडीखालचं सगळं पाहण्याची जी दृष्टी ऋषीमुनींनाही मिळाली नाही, ती ज्याला मिळाली असा मी एक जुना चष्मा आहे. सध्या मी कोळंबीच्या खाद्याच्या पोत्यावर असतो.

जुना म्हणजे फार जुना नव्हे. माझ्याहून जुने पंखे इथे अजून फिरतात आणि त्यांना कोणी नवल म्हणून बघायला येत नाही. पण आम्हा यंत्रांचं म्हातारपण लवकर येतं. आम्हाला बनवणारेच ते बरोबर घालून पाठवतात.

माझं काम समजायला सोपं आहे. भिंतीवरच्या पोस्टरला एखादं वात्रट पोर मिशा काढतं, तसा मी समोर दिसणाऱ्या खऱ्या वस्तूवर आणखी एक चित्र चढवतो. फरक इतकाच, की माझ्या मिशा खऱ्या असतात. माझ्या कपाळावरच्या कॅमेऱ्याला कातडीखालची रक्तवाहिनी दिसते. मी ती हिरव्या रेषेनं हातावर काढून दाखवतो. नर्सनं मला घालायचं, रेषेवर सुई टेकवायची, झालं.

चौलच्या पुढे खाडीकाठी एक लहान रुग्णालय आहे. नाव सांगत नाही, कारण मला परत तिथेच जायचं होतं. तिथे मी आलो तेव्हा माझ्या खोलीवर लावायला वरून एक सुबक पाटी आली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘संवर्धित वास्तव कक्ष’. ‘ऑगमेंटेड रिअॅलिटी’ या इंग्रजी नावाचं ते शुद्ध मराठी होतं. इतकं शुद्ध, की कोणालाच कळलं नाही.

पहिल्याच आठवड्यात दयाराम नावाचे एक तळीवाले आले. त्यांनी पाटी वाचली, चपला काढल्या आणि कारकून बाबाजी भाऊसाहेबांना विचारलं, “बियानं कवा मिलंल?”

“कसलं बियाणं?”

“कोलंबीचं. संवर्धन लिवलंय ना भायेर?”

यात दयारामांची चूक नाही, मित्रांनो. या किनाऱ्यावर संवर्धन फक्त माशांचं आणि कोळंबीचं होतं. माणसांचं संवर्धन करायचा विचार कोणी केलेला नाही, त्यामुळे तसा शब्दही कोणाच्या कानावर नव्हता.

पण माझे ते दिवस चांगले होते, आणि ते सगुणाबाईंमुळे होते. त्यांचं आयुष्य मिठागरात गेलं. उतारवयात शरीरानं रक्त बनवायचं सोडून दिलं, म्हणून दर महिन्याला रक्त चढवून घ्यावं लागे. ते चढलं की त्या चालत घरी जात. चढलं नसतं तर फार दिवस निघाले नसते. अडचण अशी, की सुया टोचून टोचून त्यांच्या हातांच्या शिरा कुठेतरी आत निघून गेल्या होत्या. मी यायच्या आधी त्यांनी तेजस्वी सिस्टरला सांगून टाकलं होतं, “बाय, ह्यो हात संपला, त्यो पन संपला. आता मी काय येत नाय.”

तेजस्वी सिस्टर तळा गावची. हट्टी. तिनं त्यांना एकदाच या म्हणून गळ घातली, खुर्चीत बसवलं आणि मला डोळ्यांवर चढवलं.

“आजी, दिसली.”

“काय दिसला?”

“शीर. कोपराच्या खाली, पार आत दडून बसलेय.”

“दडूनच बसंल. तुझे भयानं.”

सुई एकदाच टोचली आणि लागली. पिशवीतलं रक्त थेंब थेंब उतरू लागलं तसं सगुणाबाईंनी फर्मान सोडलं, “आन बगू त्यो चष्मा. माजा हात हाय, मना नको का बगायला?”

सिस्टरनं मला त्यांच्या नाकावर ठेवलं. त्या कितीतरी वेळ आपल्या दुसऱ्या हाताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “ह्ये तर आमचे मिठागराचे पाट. पानी कुठनं सोडायचा त्येवडा मना इचारायचास. उगाच येवडी भोका पाडलीस.”

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक ते. उद्घाटनाच्या पाहुण्यांनीही केलं होतं, पण त्यांनी मला उलटा घातला होता.

त्यानंतर सगुणाबाई दर महिन्याला येऊ लागल्या. येताना सिस्टरसाठी वालाच्या शेंगा आणायच्या आणि माझ्याकडे बघून “बरा हाय ना ह्यो?” असं विचारायच्या. मला असं विचारणारं दुसरं कोणी नव्हतं.

मग वरून एक आदेश आला. तालुक्यात संवर्धनाचं जे काही साहित्य इकडेतिकडे पडून आहे, ते कोळंबी संवर्धन केंद्रात जमा करा. बाबाजी भाऊसाहेबांनी आदेश वाचला, खोलीबाहेर येऊन पाटी वाचली आणि मला डब्यात भरायला घेतलं.

“भाऊसाहेब, अहो हा शिरा बघायचा चष्मा आहे,” तेजस्वी सिस्टर म्हणाली.

“मला म्हायती हाय. पन पाटी काय म्हनते?”

“पाटी चुकलेय.”

“पाटी वरनं आली, आदेश पन वरनं आला. दोघांचं जमतंय. मधी आपन कशाला पडा?” मग डबा बांधता बांधता आवाज खाली आणून म्हणाले, “तू अर्ज दे. मी सोता पुढं पाठवतो.”

भाऊसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी अर्ज खरोखर पुढे पाठवला. तो अजून पुढेच जातो आहे.

केंद्रात केतन नावाचा तरतरीत तंत्रज्ञ होता. त्यानं मला फार प्रेमानं वागवलं. काचा पुसल्या, चार्जर नवा आणला आणि माझ्या पोटातलं शिरांचं सगळं ज्ञान काढून टाकून तिथे कोळंबीचे रोग भरले. दोन्ही ठेवायला जागा नव्हती. “इथं शिरांचं काय करायचंय?” तो म्हणाला. “कोळंबीत एकच दोरा असतो, तो माझी आई नुसत्या नखानं काढते.”

एका दुपारी दारात रिक्षा थांबली. तेजस्वी सिस्टर उतरली आणि तिनं हात धरून सगुणाबाईंना उतरवलं. चेहरा मिठासारखा पांढरा. दोन पावलं टाकून त्या खाद्याच्या पोत्यावर बसल्या.

“चष्मा येत नाय, म्हनून मीच आलंय,” त्या धापा टाकत केतनला म्हणाल्या. “शीर दावू दे त्याला. बाय पेनानं रेघ मारंल, मंग दवाखान्यात जाऊन सुई टोचंल.”

केतननं मान खाली घातली. “ताई, ते काढून टाकलंय मी. मला ठाऊक नव्हतं.”

“परत भरता नाही येणार?” सिस्टरनं विचारलं.

“कंपनीच गेली. वेबसाइट उघडत नाही.”

तरी सिस्टरनं मला घातलं. माणूस शेवटी शेवटी असंही करून बघतो. सगुणाबाईंनी हात पुढे केला. कोपरापर्यंत काळानिळा. मी पाहिलं, मित्रांनो. मला जितकं बघता येतं तितकं सगळं पाहिलं. आणि मग मला जे शिकवलं होतं ते त्या हातावर हिरव्या अक्षरांत लिहिलं: कोळंबी आढळली नाही.

सगुणाबाईंनी मान पुढे काढली.

“काय लिवलान?”

सिस्टरनं वाचून दाखवलं. सगुणाबाई हसल्या. पोटभर हसायला श्वास पुरला नाही, म्हणून थोड्याच. “खोटा नाय बोलला. माजे हातान कोलंबी नाय.” मग त्यांनी बाही खाली ओढली. “चल बाय. घरा.”

“आजी, आधी दवाखान्यात जाऊ. पायाची शीर बघते मी.”

“नको. लय टोचलास. आता घरा.”

सिस्टरनं मला पोत्यावर ठेवलं आणि त्यांना धरून रिक्षाकडे नेलं. केतन पाठोपाठ गेला. रिक्षा गेली. दवाखाना डाव्या हाताला होता, ती उजवीकडे वळली. त्यानंतर सगुणाबाईंविषयी माझ्या कानावर काही आलं नाही. सिस्टर पुन्हा आली नाही, यावरून काय समजायचं ते मी समजलो.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी बोध सांगावा लागतो. यंत्रांची निगा राखा, विज्ञानाची कास धरा, वगैरे. मीही एक तयार केला होता, पण तो वरून आलेल्या पाटीसारखा वाटू लागला, म्हणून टाकून दिला.

माझं एक लहानसं काम आहे. त्या दुपारच्या गडबडीत मला बंद करायचं राहिलं, केतन तेव्हापासून मला हात लावत नाही, आणि चित्र तिथेच अडकलं आहे. तोच हात आणि खाली तीच ओळ. चार्जर लावलेला असल्यामुळे ते आपोआप विझतही नाही. बटण उजव्या दांडीला आहे, आतल्या बाजूनं. इकडे कोणी आलात, तर जरा दाबाल का?