दारापाशीचं दुखणं

“गुडघ्याचं झालं ना मास्तर? मग उठा, बाहेर लोक खोळंबलेत,” असं म्हणत डॉक्टरबाई स्वतःच खुर्चीतून उठल्या आणि शिंपीमास्तरांना दारापर्यंत सोडायला निघाल्या. कोपऱ्यात कंपनीचे साहेब वही घेऊन बसले होते. बाईंचा दवाखाना एका कंपनीने विकत घेतल्यापासून ते असे अधूनमधून येत.

बाई प्रत्येक पेशंटला दारापर्यंत सोडत. तीस वर्षं मी त्यांची नर्स होते. सुरुवातीला मलाही वाटायचं, किती हा वेळ घालवणं. मग उमगलं. खुर्चीत माणूस वरवरचं सांगतो. खरं दुखणं दाराच्या कडीला हात लागला की तोंडातून निघतं.

मास्तरांनी कडीला हात लावला. “तसं काही नाही हो, पण जिना चढताना छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. आमच्या हिला मात्र सांगू नका.”

“नाही सांगत. चला परत आत.”

बाईंनी त्यांना टेबलावर झोपवलं, तपासलं आणि गाडी मागवून मोठ्या इस्पितळात धाडलं. मास्तर वाचले.

गाडी गेल्यावर साहेब म्हणाले, “गुडघा एक, छाती दुसरी. दोन तक्रारींची दोनदा फी लावायची, हा नियम आहे. तुम्ही एकदाच लावलीत.”

“माणूस एकच आला होता.”

“अहो, अशाने उद्या सगळेच दाराशी नवीन दुखणं काढतील.”

“काढू देत ना. दुसऱ्यांदा पैसे पडतात म्हटल्यावर ते गुडघा दाखवतील आणि छाती घरी घेऊन जातील.”

साहेब घुटमळले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्याही डोक्यावर साहेब होते. त्यांनी एक कागद पुढे केला. “‘यापुढे नियमाने फी लावीन’ असं यात लिहिलंय, खाली सही द्या. नाहीतर तुमची नोकरी राखणं माझ्या हातात नाही, बाई.”

बाईंनी कागद शेवटपर्यंत वाचला. घरी अंथरुणाला खिळलेला भाऊ, मिळवत्या एकट्या बाईच. मला सगळं ठाऊक होतं. त्यांनी कागद तसाच परत दिला.

“सिस्टर, पुढचं कोण?”

दोन महिन्यांनी बाईंना नोकरीवरून काढलं. नवे डॉक्टर हुशार होते, पण जागचे उठत नसत. पेशंट दारापाशी जायचे, कडीला हात लावून क्षणभर थांबायचे, आणि काही न बोलता निघून जायचे.