तीन फळ्यांची होडी आणि काठावरचे देऊळ

मित्रांनो, मी एक जुनी, तीन फळ्यांची होडी आहे. एक फळी तळाला, दोन फळ्या दोन बाजूंना. माझा जीव एवढाच. तिएन नदी समुद्राला मिळण्याआधी जिथे शंभर फाटे फोडते, तिथे राच दुआ नावाच्या गावी माझा जन्म झाला. सुताराने फळ्यांच्या फटी राळेने बुजवल्या आणि मला ओढ्यात ढकलले. मोठ्या होड्यांच्या नाकावर लाल-काळे डोळे रंगवतात. मला ते रंगवले नाहीत. ही ओढ्यातच राहणार, हिला काय बघायचे आहे, असे सुतार म्हणाला.

त्याचे बोलणे मला आवडले होते. मला रुंद पाण्याची भीती वाटते. ओढ्यात दोन्ही बाजूंनी पाणताडाची पाने वर येऊन भेटतात, हात लांब केला की काठ लागतो. तिथे मी नारळ वाहिले, केळीचे घड वाहिले, एकदा तर लग्नाची नवरीही वाहिली. माझी मालकीण थाम. ती मागे उभी राहून दोन्ही वल्ही एकदम मारते. तिच्या पायांच्या दाबावरून मला तिचे मन कळते.

मग गावात पाहुणे येऊ लागले. त्यांना पाण्यावरचा बाजार बघायचा असे, नारळाची वडी गरम असताना खायची असे आणि शेवटी नदीच्या वळणावरचे ग्रामदेवतेचे जुने देऊळ बघायचे असे. देवळाच्या लाकडी खांबांवर कोरलेले नाग आहेत. ते बघून लोक बोलायचे थांबत. माझे मात्र तिथे जाताना लाकूड आकसे, कारण देऊळ मोठ्या नदीच्या काठावर होते. समोर वाळू उपसणारे पडाव, म्हणजे मोठ्या सपाट बोटी, दिवसभर घरघरत. ती घरघर पाण्यातून माझ्या तळाला लागे.

देवळाची देखभाल थामची सेनआत्या करी. अंगण झाडायची, उदबत्त्या लावायची, पाहुण्यांना चहा द्यायची. अंगणाला भेगा पडू लागल्या तेव्हा तिने त्यांत भाताचा कोंडा आणि माती भरली. दुसऱ्या दिवशी भेगा पुन्हा तोंड उघडून असत. थामने तिला घरी चलण्याची कितीदा विनवणी केली. देव उठून गेला की मीही उठेन, एवढेच ती म्हणे.

एके दिवशी सायगॉन शहरातून एक कुटुंब आले. लोआनबाई म्हणून एक वयस्क बाई, त्यांचा मुलगा खांग, सून आणि लहान नात. थाम म्हणाली, दोन होड्या करू. खांगला सगळे एकाच होडीत हवे होते. आई पुन्हा कधी येणार, एकत्र फोटो तरी निघेल, असे त्याचे म्हणणे. घाटावरचा मुकादम हसून थामला म्हणाला, "बसतात गं चार. तू काय त्यांना उचलून नेणारेस का?"

चौघे बसले. पाणी माझ्या काठापासून चार बोटांवर आले. थामचे पाय माझ्या फळीवर घट्ट रुतले, आणि मी समजले की तीही घाबरली आहे.

बाजार झाला, वडी खाऊन झाली, देऊळही बघून झाले. ओहोटी लागली होती. आम्ही परत निघालो, काठापासून थोडे लांब आलो, तेवढ्यात सेनआत्या काठावर आली. तिच्या हातात छोटी टोपी होती. "पोरीची टोपी राहिली गं, थाम," ती म्हणाली.

थामने मला वळवायला वल्हे उचलले. तेवढ्यात काठावरचे बांबूचे बेट हळूच नदीकडे झुकले. वारा नव्हता. मग जमिनीतून मी कधीच न ऐकलेला आवाज आला, जणू कोणी जाड कापड टराटरा फाडत होते. अंगण, देवळाची पुढची बाजू, बांबू आणि सेनआत्या, सगळे एकदम खाली बसले. जिथे काठ होता तिथे तपकिरी पाण्याची भिंत उभी राहिली.

"खाली झोपा," थाम म्हणाली. ती ओरडली नाही. "कुणी उठायचं नाही."

तिने माझे नाक त्या लाटेवर धरले. मित्रांनो, मला पळायचे होते. पण होडीला स्वतःची वाट नसते, वल्हे नेईल तिकडे ती जाते. लाटेने मला उभे केले आणि आपटले. दुसऱ्या लाटेत माझी डावी फळी चिरली आणि पाणी आत येऊ लागले. थामने गळ्यातला चौकड्यांचा पंचा काढून चिरेत कोंबला. सून दोन्ही ओंजळींनी पाणी उपसू लागली. नात आजीच्या कुशीत तोंड खुपसून होती. रडायचेही तिला सुचत नव्हते.

मग उखडलेल्या बांबूंच्या जुडग्यात सेनआत्याचा हात दिसला. जुडगे वाहत चालले होते.

थामने त्या हाताकडे पाहिले, मग होडीतल्या चौघांकडे पाहिले. "तुम्ही माझ्या भरवशावर बसलायत," ती म्हणाली. "आधी तुम्हाला काठाला लावते."

"तोवर ती राहील का?" लोआनबाईंनी विचारले.

थामची नजर वाहत्या जुडग्यावरून हटेना.

लोआनबाईंनी नातीला आणखी घट्ट धरले. "मग वल्हव, पोरी," त्या म्हणाल्या.

आम्ही गेलो. एक माणूस आत घेतले असते तर मी बुडाले असते, हे सगळ्यांना दिसत होते. खांग पालथा पडला आणि त्याने सेनआत्याची दोन्ही मनगटे धरली. ती पाण्यात, आम्ही वर, अशी ती वरात ओढ्याच्या तोंडाकडे निघाली. "सोडत नाही, आत्या, सोडत नाही," तो पुटपुटत राहिला.

"सोडू नको, पण जरा हळू धर," पाण्यातून आत्या म्हणाली. "बांगडी रुततेय."

ओढ्यातल्या मुळांना नाक टेकले, तेव्हा मी अर्धी भरले होते. सगळे चिखलात उतरले. खांगची बोटे आत्याच्या मनगटांवरून सुटेनात. त्याच्या आईने ती एकेक करून सोडवली.

देवळाचे उरलेले खांब गावाने आत, शेतांपलीकडे नेले. सेनआत्या आता थामकडे असते. नदीकडची खिडकी ती उघडू देत नाही. माझ्या चिरेवर पत्रा ठोकला आहे. मुकादमाने थामला इंजिनाची मोठी होडी घ्यायला सांगितले. तिने नाही म्हटले. ती आता ओढ्यातच वल्हवते आणि दोघांनाच बसवते. लोक कुरकुरतात, काही दुसरीकडे जातात.

म्हणून सांगते, मित्रांनो, होडीवाली दोघे म्हणाली तर दोघेच बसा. आणि घरे बांधायला वाळू हवी असेल, तर ती कुणाच्या पायाखालून येते, एवढे एकदा विचारा.

पाहुण्यांना अजूनही देवळाची जागा बघायची असते. थाम मला ओढ्याच्या तोंडाशी नेऊन थांबवते आणि बोटाने दाखवते. तिथे आता नुसते पाणी आहे. ते फोटो काढतात. फोटोत पाणी अगदी शांत येते. पण पडाव अजून घरघरत असतात, आणि खालून वाळू सरकते आहे हे माझ्या तळाला कळते.