मोहन्याचा अजिंक्य पैलवान

महिपतचं कल्याणजवळच्या मोहन्यात टाईल्सचं दुकान होतं, पोट सुटलेलं होतं आणि जिना चढताना त्याचे गुडघे कुरकुरत. टीव्हीच्या पडद्यावर मात्र तो अजिंक्य होता. गेम खेळायचं ते यंत्र त्याच्या मुलीने, सोनलने, पहिल्या पगारातून स्वतःसाठी आणलेलं. आठवड्याच्या आत ते वडिलांचं झालं. त्यातल्या कुस्तीच्या गेममध्ये स्वतःच्या रूपाचा पैलवान बनवता येतो हे कळल्यावर महिपतने तोही बनवून घेतला. मिशा स्वतःच्या, छाती दुसऱ्या कुणाची तरी, पोट अजिबात नाही. हा गडी धुराच्या लोटातून रिंगणात उतरला की महिपत सोफ्यावर बसून मांडी थोपटायचा. रोज संध्याकाळी सोनलला समोर बसवायचा, हरवायचा आणि जेवताना ती कुठे चुकली ते समजावून सांगायचा. फरश्या बघायला आलेल्या गिऱ्हाइकाचीही या पराक्रमातून सुटका नसे. साताऱ्याकडचं रक्त आहे, असं तो म्हणे. गावच्या तालमीत आपण एकदाच गेलेलो आणि तेही थंडाई प्यायला, एवढं सांगायचं मात्र राहून जाई.

त्या रविवारी सोनलला बघायला ठाण्याहून, नौपाड्यातून, पाहुणे आले. मुलगा मितेश आणि त्याची आई मंदाकिनीबाई. बाई दारातूनच म्हणाल्या, "कल्याणच्या पुढे एवढी वस्ती असेल असं वाटलं नव्हतं हो." कलावतीने, म्हणजे महिपतच्या बायकोने, हसून पाणी दिलं. स्थळ चांगलं होतं. मुलगा शिकलेला, घर स्वतःचं, पत्रिका जुळलेली. फोटो बघून सोनलही "ठीक वाटतो" म्हणालेली. आधीचं स्थळ महिपतने मुलाच्या काकांशी नळाच्या पाण्यावरून हुज्जत घालून घालवलं होतं. त्यामुळे आज कलावतीचा सगळा जीव याच बैठकीत अडकलेला.

मितेशची नजर टीव्हीखालच्या यंत्रावर गेली. "काका, तुम्ही खेळता?" तो खो खो हसला. "चला, होऊन जाऊ दे एक."

महिपतने बाह्या सारल्या. तेवढ्यात आतून हाक आली. स्वयंपाकघरात कलावतीने त्याला ओट्याशी गाठलं.

"हे बघा, मुलीची बाजू आहे आपली. गुमान हरायचं."

"अगं, मोहन्यात मला आजवर कुणी हरवलेलं नाही!"

"म्हणून पोरीला जन्मभर घरात बसवणार?"

सोनल पोह्यांवर कोथिंबीर घालत होती. तिने दोघांकडे एकदा पाहिलं आणि ताटल्या उचलल्या.

महिपत हरायला बसला. पण हरणंही सोपं नसतं, समोरच्याला जिंकता यावं लागतं. मितेशचा पैलवान दोरांना अडखळत होता, हवेत ठोसे मारत होता, पंचालाच धक्के देत होता. महिपतचा गडी बिचारा आपणहून आडवा झाला. तरी मितेशला त्याला चीत कसं करायचं ते सुचेना. शेवटी महिपतच दात-ओठ खात म्हणाला, "मितेशराव, ती उजवीकडची दांडी खाली ओढा." मितेशने ओढली. सुटायचं बटण दाबलं जाऊ नये म्हणून महिपतने अंगठा मुठीत दाबून धरला. पंचाने तीन आकडे मोजले. महिपतच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

"जिंकलो!" मितेश सोफ्यावर चढला. मंदाकिनीबाईंनी मोबाईलवर व्हिडिओ काढला. "आमचा मितेश कशात हरतच नाही हो."

"काका, वय झालं आता तुमचं," मितेश म्हणाला आणि सोनलकडे वळला. "चल, आता तुझी पाळी. घाबरू नकोस, मी हळूच मारीन."

कलावतीने मुलीकडे डोळे वटारून पाहिलं. महिपत मात्र निर्धास्त होता. ही तर रोजच हरते, मुद्दाम काही करायची गरजच नाही.

सोनलने पदर खोचला आणि वडिलांचाच पैलवान निवडला. मितेशचा ठोसा आला तसा तो गडी खाली वाकला, पाठीमागून कंबर धरून त्याने मितेशला उलटा आपटला, दोरावर चढला आणि कोलांटी मारून अंगावर येऊन पडला. महिपतचं तोंड उघडंच राहिलं. आपल्या पैलवानाला हे येतं, हेच त्याला ठाऊक नव्हतं. पोहे संपायच्या आत मितेश चीत झाला होता.

"याचं बटण अडकतंय," मितेश म्हणाला. सोनलने आपला कंट्रोलर त्याच्या हातात दिला, त्याचा आपण घेतला आणि त्याच्या पैलवानाला पुन्हा आपटलं.

मंदाकिनीबाईंनी चहा अर्धवट ठेवला. पाहुणे स्टेशनला पोचले असतील नसतील, तोच मेसेज आला. पत्रिका पुन्हा दाखवली, आता जुळत नाही. कलावती डोक्याला हात लावून बसली.

महिपतला मात्र आनंद आवरेना. "बघितलंस? लोळवलंन् नौपाड्याला! माझीच तालीम!" तो हॉलभर फिरला. मग फिरता फिरता थांबला.

"सोने, ती दोरावरची उडी... मला कधी मारली नाहीस."

सोनल कपबश्या गोळा करत राहिली.

"म्हणजे इतकी वर्षं..."

"पप्पा, पहिल्याच दिवशी मी तुम्हाला हरवलेलं. आठवत नाही? तुम्ही दोन दिवस तोंड फिरवून झोपलेलात. जेवला नाहीत. तेव्हापासून आईने सांगून ठेवलंय."

महिपतने बायकोकडे पाहिलं. कलावतीने भिंतीकडे पाहिलं.

मग तो सोफ्यावर बसला आणि कंट्रोलर हातात घेतला. "बस इथे," तो म्हणाला. "आज खरं खेळ."

सोनलने आईकडे पाहिलं आणि कपबश्या खाली ठेवल्या.

"खेळते. पण आधी जेवून घ्या."