वेदीपुढचा न उघडलेला डोळा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. दाराखिडकीचा नव्हे. सुरतेतल्या एका लहानशा चर्चमध्ये, फादर जिथे उभे राहून प्रार्थना चालवतात, त्या वेदीच्या पुढच्या अंगाला मला टांगत असत. आता मी कपाटाच्या तळच्या खणात घडी होऊन पडलो आहे आणि माझ्या छातीवर जुन्या मेणबत्त्यांची खोकी रचलेली आहेत. अडगळीत पडलेल्या वस्तू आपले वैभवाचे दिवस आठवून गहिवरतात म्हणे. मला गहिवर येत नाही. मला राग येतो, आणि तो कुणाचा ते सांगितल्यावाचून मला विरायचं नाही.

माझा जन्म सुरतेतच, पर्वत पाटियाजवळ एका जरीकामाच्या खोलीत झाला. खाली साड्यांचे गठ्ठे वाहणाऱ्या टेम्पोंची हाणामारी चालायची आणि वरच्या मजल्यावर मी लाकडी चौकटीवर ताणून बांधलेला होतो, पांढरा, कोरा, काहीच ठाऊक नसलेला. चौकटीभोवती बायका मांडी घालून बसत. सगळ्या खानदेशातून पोटासाठी आलेल्या. त्यांच्यात मालतीबाई मुख्य. हात अतिशय सफाईचा आणि जीभ त्याहून धारदार. दुसरीने घातलेला टाका पसंत पडला नाही तर न विचारता उसवून टाकायच्या. त्यामुळे त्यांच्यावर प्रेम करणारं तिथे फारसं कुणी नव्हतं. पण अवघड नक्षी आली की सगळ्यांची मान त्यांच्याकडेच वळायची. ती चौकटीजवळची जागा हेच मालतीबाईंचं सारं वैभव होतं.

खोलीचा मालक योगराज. तो मालतीबाईंच्याच गावचा, त्यांच्या डोळ्यांदेखत वाढलेला. श्रावणात त्याच्या घरी खानदेशची देवी कानबाई बसायची. आमच्या बायका नारळाची देवी मांडतात, तिला नथ घालतात, डोळे लावतात. मालतीबाईंच्या भावकीत रीत अशी, की देवी चौरंगावर बसल्याशिवाय तिला डोळे लावायचे नाहीत. बाजारात, वाटेत, कोनाड्यात देवीचे डोळे उघडत नाहीत. ती आपल्या घरी, आपल्या माणसांत आली की मगच उघडतात. योगराजच्या घरी हे डोळे दरवर्षी मालतीबाईच लावायच्या. एवढं ध्यानात ठेवा.

माझं चित्र घेऊन फादर स्वतः आले. वसईकडचे, गोड बोलणारे, मराठी चांगली. त्यांनी चित्र चौकटीवर पसरलं. ढगातून बाहेर आलेला एक हात, वर पंख पसरलेलं कबुतर, आणि मधोमध त्रिकोणात एक मोठा डोळा, भोवती सोनेरी किरणं.

वर्षा नावाची धाकटी कारागीर होती, तिला हसू आवरेना. "मालतीमाय, या देवना निस्ता हात नि डोया. बाकीना देव कोठे गया व?"

फादरना तिची अहिराणी समजली. तेही हसले. "बाकीचा कुणी पाहिलेलाच नाही, ताई. म्हणून जुन्या चित्रकारांना तोंड काढायची भीती वाटायची. त्यांनी नुसता हात काढला. हात दिसला की समजायचं, देव काहीतरी करतोय. कबुतर म्हणजे त्याचा आत्मा. त्रिकोणाला तीन बाजू, पण त्रिकोण एकच, तसे पिता, पुत्र आणि आत्मा मिळून एकच देव. आणि हा डोळा सगळं पाहतो."

"सगळं?" मालतीबाईंनी विचारलं.

"सगळं. पण आत्ता नाही हं," फादर जायला उठत म्हणाले. "आत्ता हे नुसतं कापड. पडदा चर्चमध्ये आला की आम्ही त्यावर पवित्र पाणी शिंपडतो, आशीर्वाद देतो. त्यानंतर तो देवाचा."

मालतीबाईंनी मान डोलावली. त्यांना ते इतकं पटलं की विचारायचं काही उरलंच नाही. चूक झाली ती इथेच, मित्रांनो. फादरना वाटलं, आपण समजावून सांगितलं. मालतीबाईंना वाटलं, यांच्यातही आपल्यासारखंच.

मग माझं काम सुरू झालं. आकड्याची सुई माझ्या अंगातून खालीवर जाऊ लागली. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण अंगावर जरीची तार चढत गेली तसा मी स्वतःला कुणीतरी समजू लागलो. त्या हाताची बोटं मालतीबाईंनी दोनदा उसवून पुन्हा भरली. आशीर्वाद देणारा हात मारायला उगारल्यासारखा दिसत होता म्हणून. किरणं भरली, कबुतर भरलं, पापण्या भरल्या. शेवटी राहिलं ते डोळ्याचं बुबुळ. ते त्यांनी भरलं नाही.

वर्षाने पाहिलं. "डोयानं बुबुळ कसाले सोडी दिन्हं व माय?"

"देवना डोया शे तो. कारखानामा उघाडतंस का कोनी? तो तेस्ना घर उघडी."

आणि त्यांनी एका सुईत काळा रेशमी धागा ओवला, ती सुई माझ्या कोपऱ्यात अस्तराला टोचून ठेवली. चर्चमध्ये फादरना सुई-धागा शोधावा लागू नये म्हणून. चार टाके फादर घालतील, पाणी शिंपडतील, डोळा उघडेल. दिवसभर नव्हे, पण दुपारच्या जेवणापर्यंत तरी मालतीबाई कुणाला घालूनपाडून बोलल्या नाहीत, इतक्या त्या खूश होत्या. मालकाला मात्र त्यांनी काही सांगितलं नाही. देवाचं काम, त्यात सांगायचं काय? आणि योगराजने मला उलगडून पाहिलंच नाही. कामाला आधीच उशीर झाला होता, त्याने गुंडाळी केली आणि टेम्पोत घातली.

त्या दिवशी चर्चमध्ये बिशप यायचे होते. नव्या रंगवलेल्या वेदीचं उद्घाटन होतं. मला घाईघाईने टांगताना एका सेवेकऱ्याच्या बोटात ती सुई घुसली. त्याने हात झटकला आणि वर पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. सोन्याच्या किरणांमध्ये पांढरा फटक डोळा. मागच्या बाकांवर कुजबूज झाली. कुणीतरी म्हणालं, "देव आंधळा आणला की काय?" आणि पोरं फिदीफिदी हसली.

प्रार्थना संपल्यावर बिशपनी विचारलं, "फादर, हे असंच आहे का?"

"कारखान्याचा निष्काळजीपणा," फादर म्हणाले. मान खाली घालून, पण लगेच म्हणाले.

संध्याकाळी योगराजला बोलावणं आलं. तो धावत आला, माझ्यासमोर उभा राहिला. त्याने कोरा डोळा पाहिला, कोपऱ्यातली ओवलेली सुई पाहिली. मित्रांनो, मी त्याच्या तोंडासमोर होतो. त्याला त्याच क्षणी सगळं उमगलं. दरवर्षी घरात पाहिलेली रीत तो कशी विसरेल? दोन वाक्यांत उलगडा झाला असता. पण फादर चिडलेले होते आणि त्यांच्यामुळे आणखी काम मिळण्याची आशा होती.

"बाई म्हातारी झाली, फादर. तिला दिसत नाही आता," योगराज म्हणाला. "काढूनच टाकतो तिला."

आणि खरोखरच काढलं. दुसऱ्या दिवशी तो संगणकाच्या मशीनवर भरलेली एक काळी टिकली घेऊन आला आणि माझ्या डोळ्यावर गोंदाने चिकटवून गेला. माझा डोळा असा उघडला. ना टाका, ना पाणी.

मालतीबाई दोन दिवसांनी आल्या. चपला बाहेर काढून, पदर सावरून. फादर एकटेच होते. त्यांनी सारं सांगितलं, कानबाईचं, चौरंगाचं, सुईचं. एरवी लोकांना फाडून खाणारी ती बाई त्या दिवशी शब्द चाचपडत बोलत होती.

"मी विसरले नाही, फादर. डोळे चांगले आहेत माझे. तुम्हीच बोलले व्हते ना, आधी नुसतं कापड म्हणून? योगराजला तेवढं सांगा. तो तुमचं ऐकेल."

 फादरच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी नाकारत नाही. "चूक माझीही आहे, बाई. मी नक्की सांगतो त्याला."

पण सांगायचं म्हणजे बिशपनाही सांगावं लागणार होतं, की निष्काळजीपणा कारखान्याचा नव्हता. आज सांगू, उद्या सांगू करत सण आले, लग्नं आली.

मालतीबाई पुन्हा एकदा आल्या. तोवर चौकटीपाशी त्यांच्या जागेवर दुसरी बाई बसली होती. त्या शहराबाहेर इच्छापोरला एका कंपनीत ठेकेदाराकडे खोकी बांधायला जात होत्या. बोटांना चिकटपट्टीच्या चिरा पडलेल्या होत्या.

"सांगितलं का, फादर?"

"या आठवड्यात नक्की."

त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं. मग माझ्याजवळ आल्या, त्या चिकटवलेल्या टिकलीवरून नख फिरवलं आणि म्हणाल्या, "निदान शिवायची तरी." त्यानंतर त्या आल्या नाहीत.

पुढे फादरची बदली झाली. निरोपाच्या दिवशी त्यांनी सुंदर प्रवचन केलं. माझ्याकडे हात करून म्हणाले, "माणसं विसरतील, पण हा डोळा सगळं पाहतो." लोक हेलावले. गर्दी पांगल्यावर फादर एकटेच वेदीपाशी आले तेव्हा उन्हाळ्याने सुकलेला गोंद सुटला आणि टिकली त्यांच्या पायाशी पडली. त्यांनी ती उचलली. माझ्या कोऱ्या डोळ्याकडे पाहवेना म्हणून की काय, त्यांनी मला हळूच खाली काढलं. मालतीबाईंचा पत्ता त्यांना ठाऊक होता. खिशात फोनही होता. त्यांनी माझी घडी घातली आणि घालताना डोळा आतल्या बाजूला घेतला.

आता वेदीपुढे छापील कापड आहे. त्यावरच्या डोळ्याला बुबुळ आहे, अगदी चकचकीत.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी सांगतात की आम्हाला जपा, झटका, ऊन दाखवा. मला नका जपू. मी कापड आहे, कसर लागेल, संपेन. पण कुणाचं काम अपुरं दिसलं तर आधी त्याला विचारा, आणि खरं कळलं की त्याच दिवशी तोंड उघडा. मागून ढाळलेल्या आसवांवर कुणाची गेलेली जागा परत मिळत नाही. माझ्या कोपऱ्यात ती सुई अजून आहे. गंजली आहे, पण काळा धागा तिच्यात ओवलेलाच आहे. चार टाक्यांचं काम होतं.